काटा, चिखल आणि कातडी

७ जून

मृग लागला, आभाळ मात्र कोरडंच. दुपारी काटोल रोडवरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पण पावसाआधीचं एक मोठं काम आज हातावेगळं झालं. संत्रा-मोसंबीच्या सगळ्या मातृवृक्षांना बोर्डो मलम लावून झालं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचा आणि मग एकत्र करायचा, लोखंडाचं भांडं चालत नाही. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत खोड सारवून काढायचं. बरसातीत मातीवरून उडणाऱ्या थेंबांबरोबर फायटोफ्थोराचे बीजाणू खोडापर्यंत पोचतात, साल कुठे फाटलेली असली की तिथून आत जातात, आणि मग डिंक गळायला लागतो. डिंक्यानं गेलेली बाग पाहिली नाही असा माणूस आमच्या पट्ट्यात सापडायचा नाही.

आमच्याकडे कलमं बांधणारे काका सगळ्यांत जुने. मलम लावता लावता म्हणाले, "साल फाटली, घाव उघडा राह्यला, का झाड गेलं समजा." बोलत होते तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत, कलमाच्या खुंटासाठी वाढवलेल्या जंबेरीच्या काट्यांचे ओरखडे. काही वाळलेले, दोन-तीन ओले, आणि ओल्यांवर माती बसलेली. छाटणीचा घाव त्याच दिवशी झाकायचा हे मला त्यांनीच शिकवलं. स्वतःच्या हाताला मात्र तो नियम नाही.

या बरसातीत एवढीच एक गोष्ट मनावर घ्यायची ठरवली आहे. झाडाच्या सालीची जेवढी राखण करतो तेवढी तरी काम करणाऱ्याच्या कातडीची व्हायला पाहिजे. आणि ते काम नर्सरीच्या मालकाचं आहे. मजुराला "जपून करा" म्हणून मोकळं होता येणार नाही.

२० जून

काल संध्याकाळी पहिला खरा पाऊस झाला. आज सकाळी सगळ्यांना गमबूट वाटले. पुरुषांनी लगेच चढवले. बायांनी तासा-दोन तासांत काढून बांधावर ओळीनं मांडून ठेवले.

"काहून काढले?"

"पाय उबून जाते ना बाई. आत पानी पानी होते."

त्यांचं म्हणणं खरं आहे. रबरी बूट काट्यापासून वाचवतो, पण आत शिरलेलं पाणी आणि पायाचा घाम दिवसभर धरून ठेवतो. उबारा, ओल आणि अंधार, बुरशीला आणखी काही लागत नाही. म्हणजे नुसता बूट देऊन भागत नाही, पाय सुकवायची सोयही द्यावी लागते. दुपारी संत्र्याच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या ठोकून शेडमध्ये एक बाक केलं. जेवणाच्या सुट्टीत बूट काढायचे, पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवायचं, दुसरे कोरडे सुती मोजे घालायचे. बूट काठ्यांवर उलटे टांगायचे आणि संध्याकाळी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. प्रत्येकाचं फडकं वेगळं. त्यावर खूण घालायला रंगीत दोरे आणले, कारण सगळ्यांना वाचता येत नाही.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना केलेला एक प्रयोग आज आठवला. बशीत ओलसर माती घ्यायची, वर निर्जंतुक केलेले केस पसरायचे, झाकून ठेवायची. काही आठवड्यांनी केसांवर पांढरट पिवळसर बुरशी चढलेली दिसते. ही रीत १९५२ साली एका बेल्जियन शास्त्रज्ञानं रूढ केली. केस, नख, शिंग, पीस आणि आपल्या कातडीचा वरचा मेलेला थर, हे सगळं एकाच द्रव्याचं, केराटिनचं. ते खाणाऱ्या बुरशी मातीत असतातच. त्या नसत्या तर पडलेली पिसं आणि केस जिथल्या तिथे साचले असते. त्यांचं ते काम मातीत चालू द्यावं. आपली कातडी ओली, फुगलेली आणि फाटलेली त्यांच्यापुढे ठेवू नये, एवढं तर हातात आहे.

३ जुलै

गुटी कलमांचा हंगाम सुरू झाला. पेरू, डाळिंब, लिंबू. फांदीची बोटभर रुंदीची साल गोल काढायची, त्या जागी ओलं मॉस बांधायचं, वर प्लास्टिक. मॉसची पोती काल आली. थंड डोंगराळ भागातलं हे शेवाळ, स्फॅग्नम. पाणी धरून ठेवण्यात त्याला तोड नाही.

पोतं फोडण्याआधी सगळ्यांना शेडमध्ये बसवून एक हकिकत सांगितली. १९८८ साली अमेरिकेत अनेक राज्यांतल्या ८४ माणसांना एकच रोग झाला. विस्कॉन्सिनमध्ये काढलेलं स्फॅग्नम मॉस झाडांच्या रोपांच्या मुळांभोवती गुंडाळून रोपं दूरदूर पाठवली होती. ज्यांनी ती रोपं हाताळली, बांधली, लावली, त्यांच्या हातांवर काही आठवड्यांनी गाठी आल्या. रोगाचं नाव स्पोरोट्रायकोसिस. परदेशात त्याला गुलाब छाटणाऱ्यांचा रोग म्हणून ओळखतात. १८९६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बेंजामिन शेंक या तरुणानं तो पहिल्यांदा नोंदवला. आपल्या देशात तो जास्त करून हिमालयाच्या पायथ्याला आणि ईशान्येकडे दिसतो.

ही बुरशी कुजत्या पाल्यात, लाकडावर, मॉसमध्ये तंतूंसारखी वाढते. काट्याबरोबर किंवा ओरखड्यातून शरीरात गेली की उबेत तिचं रूप बदलतं, यीस्टसारख्या गोल पेशी होतात. जिथून शिरली तिथे एक बारीक गाठ येते. ती फारशी दुखत नाही. मग फुटते, बरी होत नाही, आणि हाताच्या रसवाहिनीच्या रेषेवर वर कोपराकडे एकापुढे एक गाठी उठत जातात. काटा रुतल्यापासून गाठ दिसेपर्यंत एक आठवडा जातो, कधी तीन महिनेही. तोवर तो काटा कुणाच्या लक्षात राहत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँडमधल्या सोन्याच्या खाणीत १९४१ ते १९४४ या काळात सुमारे ३००० कामगारांना हा रोग झाला. आधाराला लावलेल्या लाकडांवर बुरशी होती आणि उघडी अंगं त्यांना घासत होती. लाकडांवर औषध मारलं तेव्हा साथ थांबली. मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. तीन हजार माणसांना सांभाळून चाला असं सांगून ती थांबली नसती.

म्हणून आमच्याकडे मॉसचे नियम असे केले. पोती जमिनीवर नाही, फळीवर आणि कोरडी. लागेल तेवढंच त्या दिवशी भिजवायचं, भिजलेलं उरलं तर दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. पोतं फोडताना आधी वरून पाणी शिंपडायचं, म्हणजे भुसा नाकातोंडात जात नाही. हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि आत पातळ सुती मोजे. आतले मोजे ओले झाले की बदलायचे. ज्याच्या हाताला ताजा ओरखडा आहे त्यानं त्या दिवशी मॉसला शिवायचं नाही, प्लास्टिकच्या पट्ट्या कापायच्या.

कामावरच्या मावशीनं विचारलं, "मग त्या दिवसाची मजुरी कमी का?" नाही, तेवढीच.

१२ जुलै

रात्रभर पाऊस. फडकी वाळली नाहीत. शेडच्या कोपऱ्यात दोऱ्या बांधून खाली शंभराचा बल्ब लावला. तरी सगळ्यांना पुरली नाहीत, तेव्हा घरातले जुने सुती पंचे फाडून आणले.

२१ जुलै

मावशी चार दिवस माहेरी जाऊन आली, भंडाऱ्याकडे. रोवणीचे दिवस. भावाच्या बांधीत हात लावायला गेली होती. आल्यावर पाय दाखवले. दोन्ही पायांच्या करंगळीजवळच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटलेल्या, कडा सोललेल्या, आत लाल. चिखल्या.

धान पिकवणाऱ्या गावात चिखल्यांना कुणी रोग म्हणत नाही. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, घोटाभर चिखलात वाकून दिवसभर रोवायचं. गुत्त्यानं काम घेतलं की जेवढी बांधी लवकर होईल तेवढे पैसे, मग पाय सुकवायला बाहेर कोण येणार? बारा-बारा तास कातडी पाण्यात राहते, फुगते, तिचा बांध सुटतो. वरून चिखलातले खडे, धसकटं. आधी पाण्यानं जागा केली, मग कँडिडा आणि दुसऱ्या बुरशी येऊन बसल्या, त्यांच्यामागून जंतू. मावशीच्या भावजयीच्या हाताच्या बोटांना नखाच्या कडेनं सूज आहे म्हणाली, दाबलं की पू येतो. तेही त्याच कामाचं. पऱ्हे रोवताना अंगठा आणि दोन बोटं प्रत्येक वेळी चिखलात खुपसावी लागतात. नखाच्या बुडाशी जी पातळ त्वचा नखाला घट्ट धरून असते ती एकदा सुटली की आत ओल जाते आणि नखुरडं महिनोन्‌महिने हटत नाही.

बाया रात्री मेंदी वाटून चिखल्यांवर लावतात. ते वेडगळपणाचं नाही. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य बुरशीची वाढ रोखतं हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, शिवाय मेंदी लावून बसायचं म्हणजे तेवढा वेळ पाय कोरडा राहतो. फक्त पानं घरची, ताजी वाटलेली हवीत. पुडीतल्या काळ्या मेंदीत केस काळे करायचं रसायन असतं, ते फाटलेल्या कातडीवर लावलं तर फोड येतात. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याइथं झाडच हाये दारात." बरं वाटलं.

पण मेंदीच्या पुढे जायला पाहिजे. डॉक्टर मैत्रिणीला फोन केला. ती शासकीय दवाखान्यात त्वचेच्या विभागात काम करते. म्हणाली, पाय साबणानं धुऊन पूर्ण कोरडे कर, बेचक्यांत क्लोट्रिमॅझोलची क्रीम दिवसातून दोनदा, बरं वाटलं तरी पुढे दोन आठवडे. पू असेल, पाय सुजला असेल, ताप असेल तर क्रीमवर थांबायचं नाही, दाखवायचं. आणि साखरेचा आजार आहे का ते आधी विचार. मधुमेह असलेल्या बाईच्या फाटलेल्या बेचकीतून आत गेलेला जंतू पाय घालवू शकतो. मावशीची साखर आजवर कुणी तपासलेलीच नाही. उद्या सगळ्यांचीच तपासून घेणार आहे.

तोवर मावशीला कोरड्या कामावर ठेवलं. पिशव्या भरण्याची खतमाती मात्र तिच्याकडे नाही, बियांच्या पुड्या.

४ ऑगस्ट

रविवार काढून मैत्रीण नर्सरीवर आली. चहा व्हायच्या आत एक पोरगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली, कामावरच्या एका बाईची सून. कमरेला आणि जांघेत चट्टे, कडा उठावदार, मधे त्वचा तपकिरी आणि पातळ, शिरा दिसाव्या इतकी. किती दिवस? पाच-सहा महिने. काय लावलं? पदरातून तिनं ट्यूब काढली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली. लावली की खाज दोन दिवसांत थांबते, सोडली की दुपटीनं येते, म्हणून पुन्हा तीच.

मैत्रिणीनं ट्यूबवरची नावं वाचून दाखवली. एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं आणि एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, त्याबरोबर कातडीची लढायची ताकदही दाबतं. बुरशी आतल्या आत पसरत राहते. देशभर गेली काही वर्षं नायट्याची जी चिवट साथ चालली आहे तिच्यामागे या मिश्रणांचा मोठा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ट्यूब पदरात होतीच. आता जी बुरशी जास्त सापडते तिला शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं आहे, आपल्या देशावरूनच. टर्बिनाफिन नावाचं जे औषध एके काळी हमखास लागू पडायचं त्याला ती बऱ्याचदा दाद देत नाही.

हा नायटा झाडांमुळे झाला का? पोरगीच्या सासूचं तेच म्हणणं होतं, मातीत हात घालून घालून आला. मैत्रिणीनं समजावलं. मातीतून येणारा नायटा असतो, तो बहुधा एखादा चट्टा असतो आणि तो हातावर किंवा उघड्या पायावर येतो. कमरेचा आणि जांघेचा माणसाकडून माणसाकडे जातो. एकच टॉवेल, एकच गोधडी, ओले कपडे. पण शेताचं काम त्याला हात देतं. आषाढ-श्रावणात नायलॉनची साडी आणि घट्ट परकर घामानं आणि पावसानं भिजून दिवसभर कमरेला आवळलेला असतो, नाडीखालची जागा कोरडी होतच नाही. नाडीऐवजी रुंद सुती पट्टा, आत सुती कपडा, घरी गेल्यावर लगेच बदलणं, कपडे उलटे करून उन्हात वाळवणं, ऊन नसेल तर इस्त्री. आणि घरातल्या ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांचा उपचार एकदम. एकीला बरी करून काही मिळत नाही, नवऱ्याकडून पुन्हा येते.

पोरगीनं मान खाली घालून विचारलं, "नवऱ्याला तुम्ही सांगसान का?" मैत्रीण म्हणाली, "पुढच्या बुधवारी दोघं या, मीच सांगतो." तिनं खरवडून थोडा कोंडा काचपट्टीवर घेतला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली उरतात. काही मिनिटांची तपासणी. ट्यूब घेण्याआधी तेवढी झाली असती तर त्या पोरीची पाच महिन्यांची झोप वाचली असती.

१६ ऑगस्ट

एक गिऱ्हाईक, नवीन बंगला, हौस मोठी. गुलाबाच्या पानावरचे काळे ठिपके दाखवून विचारत होते, ही बुरशी मुलांच्या हाताला लागेल का? लागत नाही. पानावर जगणारी बुरशी पानाच्या पेशी फोडायला घडलेली असते, माणसाच्या अंगाची उब तिला सोसत नाही. अपवाद नाही असं नाही. २०२३ मध्ये कोलकात्यातल्या एका वनस्पती-बुरशीतज्ज्ञाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याच्या गळ्यात गळू झालं होतं, त्यात फळझाडांना चंदेरी पानांचा रोग करणारी बुरशी सापडली. माणसात ती सापडल्याची ती पहिलीच नोंद, आणि हा माणूस वर्षानुवर्षं कुजकं साहित्य आणि बुरशी हाताळत होता. औषधानं तो बरा झाला. घरच्या गुलाबासाठी धास्ती नको. गुलाबाचा काटा मात्र साधा समजू नका. त्यांना जाड कातडी हातमोजे दाखवले आणि सांगितलं, काटा रुतला तर त्याच वेळी वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, काटा पूर्ण निघाला का पाहा, आयोडीनचं औषध लावा, धनुर्वाताची सुई घेऊन किती वर्षं झाली ते आठवा.

तान्हा पोळा

नागपूरच्या महालात, इतवारीत मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक. निम्मी माणसं सुट्टीवर. मीही पोराटोरांच्या गर्दीत उभी राहिले. सव्वाशेहून जास्त वर्षं नागपूर काळ्या आणि पिवळ्या मारबतीला साकडं घालतं, इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! गावाच्या सगळ्या लेकरांसाठी एका आवाजात मागणं मागायची ही रीत मला फार आवडते. आरोग्य एकट्याचं नसतं हे इथल्या वस्त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

१० सप्टेंबर

काकांच्या उजव्या हातावर मनगटाच्या वर गाठ. हरभऱ्याएवढी, टणक, वर खपली. काटा कधी रुतला? "काटा तं रोजच रुतते." वर कोपराकडे चाचपून पाहिलं, दुसरी गाठ लागली नाही. तरी थांबायचं नाही असं ठरवून त्यांना घेऊन मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेले.

तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न काय काम करता हा विचारला. फार बरं वाटलं. हा प्रश्न विचारला जात नाही म्हणून कितीतरी गाठी साध्या गळवाच्या नावाखाली महिने काढतात. म्हणून आता मी माझ्या माणसांना सांगून ठेवलंय, डॉक्टरनं विचारलं नाही तरी आपण सांगायचं: मी झाडांत काम करतो, मला काटा लागला होता. गाठ काढली आणि तिचे तुकडे दोन बाटल्यांत टाकले. एका बाटलीत फॉर्मॅलिन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला. दुसरीत नुसतं मिठाचं निर्जंतुक पाणी, बुरशी वाढवून पाहायला. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेले तर बुरशी मरते आणि मग ती वाढतच नाही. निकाल यायला चार आठवडे, कारण यातल्या काही बुरशी फार सावकाश वाढतात.

बाहेर बाकावर बसलो तर शेजारी एक म्हातारा शेतकरी, पाय फुगून जाड झालेला, चार ठिकाणी बारीक तोंडं. दुखत नाही म्हणाला. दुखत नाही हाच त्या रोगाचा कावा. माणूस नांगरतो, निंदतो, वर्षं जातात आणि आत हाड पोखरलं जातं. मायसेटोमा. मदुराई भागात गोऱ्या डॉक्टरांनी पाहिला म्हणून मदुरा पाय. पण त्याचं कोडं सोडवण्याचं काम महाराष्ट्रात झालं. हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. ग्रे यांच्या शरीररचनेच्या विख्यात ग्रंथातली चित्रं यांनीच काढलेली. मुंबईत कापलेल्या पायांची त्यांनी बारकाईनं तपासणी केली, त्या तोंडांतून येणारे काळे दाणे पाहिले आणि १८६० च्या सुमारास हा बुरशीचा रोग आहे असं मांडलं. मायसेटोमा हे नाव त्यांचंच. पुढे कित्येक वर्षं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते आणि १८७४ मध्ये या रोगावर त्यांचा ग्रंथ आला. दाणे काळे असतील तर बहुधा बुरशी, पांढरे-पिवळे असतील तर पुष्कळदा बुरशीसारखे तंतू असणारे जंतू, आणि दोन्हींचं औषध निराळं, हे नंतर उलगडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मायसेटोमा दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला तो २०१६ मध्ये. कार्टर यांच्या शोधानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. गरिबाचा, अनवाणी माणसाचा रोग, म्हणून त्याला एवढा वेळ लागला, असं मला वाटतं. बाभळीचा काटा आणि उघडी टाच, एवढ्यावर सगळं सुरू होतं. एक चप्पल ते बरंचसं अडवू शकते.

काका त्या पायाकडे बराच वेळ पाहत होते. परत येताना बसमध्ये म्हणाले, "उद्यापासून म्या बूट घालतो."

२३ सप्टेंबर

२०२३ साली आजच्याच पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला होता. चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, नाग नदी घराघरांत. आत्याच्या तळमजल्यावर पलंगाएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही सगळ्यांनी उघड्या हातापायांनी गाळ उपसला, कुंड्या उचलल्या, कुजलेला पाला भरला. पुढचा महिनाभर निम्म्या गल्लीचे पाय खाजत होते. आज आत्याचा फोन, गच्चीवरच्या कुंड्या बदलायच्या आहेत, माणूस पाठव. माणसाबरोबर तिच्यासाठीही हातमोजे पाठवले. तिला साखर आहे.

९ ऑक्टोबर

काकांचा निकाल आला. बुरशी वाढली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या पोटात काट्याचा तुटलेला शेंडा निघाला, शरीरानं पेशींचं कडं करून कोंडलेला. गाठ तेव्हाच काढली होती, आता जागा भरून आली आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने त्या जागेवर आणि वर कोपरापर्यंत लक्ष ठेवा. तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवली.

दुपारी शेंदूरजना घाटाकडची डोळे भरणारी टोळी बोलणी करायला आली. जंबेरीच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे भरायचे, हाताला वेग असलेली पोरं, दिवसाला शेकड्यांनी भरतात. सगळ्यांत एकच चाकू फिरतो, बोट कापलं की मातीच लावतात. दराचं ठरल्यावर माझ्या अटी सांगितल्या. ज्याचा त्याचा चाकू, स्पिरिटनं पुसलेला, तो मी देईन. डाव्या अंगठ्याला चामडी टोपी. कापलं तर काम थांबवून नळावर यायचं, धुवायचं, पट्टी बांधायची. जखम ओली असेल त्या दिवशी डोळे भरायचे नाहीत, पट्ट्या कापायच्या किंवा रोपं मोजायची.

टोळीच्या मुखियानं विचारलं, "अन् त्या दिवसाचं काय? आमचं तं नगावर आहे."

बाकीच्यांची त्या दिवशीची सरासरी काढून तेवढे देईन म्हटलं. त्यानं पोरांकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाला, "मंग हे कागदावर लिहून द्या." वहीचं पान फाडून लिहिलं, सही केली. त्यानं ते घडी करून खिशात घातलं आणि आगाऊ रक्कम मागितली.